ऑक्सिजन संपत नाही, दार अपुरं पडतं

मॅडम, नमस्कार. मी २१ वर्षांची आहे, सोलापुरात राहते आणि पोलीस भरतीची तयारी करायलेय. चार महिने झाले, रोज पहाटे ग्राउंडवर जाऊन जीव तोडून पळते. तरी माझे ८०० मीटर ३ मिनिटं २५ सेकंदांवर अडकलेत. पहिला राऊंड ९० सेकंदांत होतो, दुसऱ्याला ११५ लागतात. दुसऱ्या राऊंडला पाय दगडासारखे होतात. आमचे सर म्हणतात, "तुझा ऑक्सिजन संपतो, मग लॅक्टिक ॲसिड तयार होतं, तेच दुसऱ्या दिवशी दुखतं. अजून पळ." भाऊ जिमला जातो. तो म्हणतो, "एरोबिकनं काही होत नाही, ॲनेरोबिक कर. श्वास रोखायचा आणि वजन उचलायचं." दहावीला विनॉक्सिश्वसनात, म्हणजे ऑक्सिजनवाचूनच्या श्वसनात, अल्कोहोल तयार होतं असं शिकले होते, ते आठवून अजूनच गोंधळ होतो. नडगीही दुखते. हल्ली जिना चढतानासुद्धा धाप लागायलीय. आणखी एक, आई विड्या वळते, दिवसभर बसून असते. तिला शुगर निघालीय. तिनं चालावं की जिमचे व्यायाम करावेत?
– एक मुलगी, सोलापूर

तुला 'तू'च म्हणते. तुझ्या वयाच्या मुलींना मी बरीच वर्षं मैदानावर शिकवलंय.

पत्रातलं एक वाक्य तू जाता जाता लिहिलंस, माझं लक्ष मात्र तिथंच अडलं. जिना चढताना धाप लागते. चार महिने रोज पळणाऱ्या मुलीला जिना आधीपेक्षा सोपा वाटायला हवा. तुझं उलटं झालंय. म्हणून बाकी काही करायच्या आधी, याच आठवड्यात, हिमोग्लोबिन तपासून घे. सरकारी दवाखान्यात होतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. फुप्फुसातला ऑक्सिजन मांडीपर्यंत पोचवणारं हिमोग्लोबिनच असतं, आणि तेच कमी असेल तर तुझ्या सरांचा, भावाचा, माझा, कुणाचाच सल्ला लागू पडणार नाही. पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या, घाईत अर्धी भाकरी खाऊन ग्राउंडवर पळणाऱ्या मुलींत हे फार दिसतं, आणि त्या बिचाऱ्या आपणच आळशी आहोत असं समजून आणखी पळत राहतात. आकडा कमी आला तर गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानं घे. तोवर जेवणात मेथी, शेपू, डाळ, मटकी असू दे, वरून लिंबू पिळ, आणि चहा जेवणाबरोबर न घेता तासाभरानं घे. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. आकडा चांगला आला आणि धाप तरीही राहिली, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नकोस.

आता तुझा ऑक्सिजन.

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तुमच्याकडे असेल, नाहीतर शेजारी तरी असेलच. एक दिवस ८०० मीटर संपवून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी असशील तेव्हा ते बोटाला लाव. निरोगी माणसाचा आकडा तेव्हाही ९५ च्या आसपासच असतो. रक्तात ऑक्सिजन असतोच. दुसऱ्या राऊंडला तो 'संपत' नाही. मग पाय दगड का होतात?

आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, डोळ्यांसमोर आण. संक्रांतीचे दिवस, होम मैदान, संध्याकाळचे सात. लोक चहूकडून येतायत आणि सगळे एकाच दारानं आत जाऊ बघतायत. माणसं सावकाश येत असतील तोवर येणारा प्रत्येक जण सरळ आत जातो, दाराशी कुणी थांबत नाही. एकदम लोंढा आला की दार उघडं असूनही बाहेर गर्दी साठते. दार कुणी बंद केलेलं नसतं. येणाऱ्यांचा वेग दाराला झेपत नाही, एवढंच.

स्नायूच्या पेशीत अगदी हेच होतं. ग्लुकोजचे आधी पेशीद्रवात तुकडे होतात, त्यातून पायरुविक आम्ल तयार होतं. या पायरीला ऑक्सिजन लागत नाही. ती फार झपाट्यानं होते, पण एका ग्लुकोजमागे हाती येतात एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी जे खर्च करते त्याचे, फक्त २ रेणू. हे पायरुविक आम्ल पुढं तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरलं, तर तिथं ऑक्सिजनच्या मदतीनं त्याचं पूर्ण ज्वलन होतं आणि त्याच एका ग्लुकोजमागे सगळे मिळून साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ लिहिलेलं आढळेल, नंतरच्या मोजणीत तो आकडा खाली आला. तंतुकणिका हेच ते दार. सावकाश पळताना येईल तेवढं आत जातं, ते ऑक्सिश्वसन. तू पहिला राऊंड ९० सेकंदांत मारतेस तेव्हा मांडीला इतक्या घाईनं ऊर्जा हवी असते की पहिली पायरी भराभर चालते, दाराशी गर्दी होते, आणि आत न मावलेल्या पायरुविक आम्लाचं लॅक्टेट होतं. तुझे सर ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते हेच.

म्हणजे श्वास चालू की बंद, असा हा प्रश्नच नाही. दोन्ही चुली, ऑक्सिजनवाचूनची झपाट्याची आणि ऑक्सिजनवरची सावकाश, कायम पेटलेल्या असतात. आत्ता हे वाचताना बसल्या जागी तुझ्या रक्तात थोडं लॅक्टेट आहेच. व्यायामाला एरोबिक म्हणायचं की ॲनेरोबिक, हे कुठल्या चुलीवर जास्त काम चाललंय त्यावरून ठरतं, आणि ते ठरवतो वेग. हेच पळणं सावकाश असेल तर एरोबिक, झपाट्यानं असेल तर बरंचसं ॲनेरोबिक. भाऊ समजतो तसं पळणं म्हणजे एक आणि जिम म्हणजे दुसरं, अशी कप्पेबंद वाटणी शरीर करत नाही.

गोंधळ थोडा शब्दांतूनही आलाय. एरोबिक आणि ॲनेरोबिक हे शब्द मुळात जंतूंसाठी घडवले गेले. लुई पाश्चर यांना १८६० च्या दशकात हवेशिवाय जगणारे जंतू सापडले, त्यांना वेगळं ओळखायला हे नाव आलं. तुझ्या पुस्तकातलं अल्कोहोल तिकडचं. यीस्ट विनॉक्सिश्वसन करतं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून पावाचं पीठ फुगतं. विरजणातले जिवाणू मात्र लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट होतं. आपल्या स्नायूंचा मार्ग दह्याच्या जवळचा. पायरुविक आम्लापासून अल्कोहोलकडे वळायला जे विकर (एन्झाइम) लागतं ते माणसाच्या पेशीत नाहीच. तेव्हा कितीही पळालीस तरी मांडीत अल्कोहोल तयार व्हायचं नाही.

आता लॅक्टिक ॲसिडवरचा आरोप. तो तुझ्या सरांनी काढलेला नाही, मी स्वतः कित्येक वर्षं मुलींना हेच सांगत आले. तो आला बेडकाच्या स्नायूंवरच्या प्रयोगांतून. शरीरातून कापून काढलेला स्नायू, त्याला रक्तपुरवठा नाही, ऑक्सिजन नाही. तो आकुंचन पावत राहिला की लॅक्टिक आम्ल साठतं आणि स्नायू थकतो. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये हे दाखवलं. पुढं ऑटो मायरहोफ यांनी स्नायूतल्या ऑक्सिजनचा आणि लॅक्टिक आम्लाचा हिशेब मांडला, त्यांना आणि आर्चिबाल्ड हिल यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. काम मोठंच होतं. पण बरणीतला कापलेला पाय आणि जिवंत, धावत्या मुलीचा पाय यांत फरक आहे. जिवंत शरीरात लॅक्टेटला जायला वाटा असतात. कॅलिफोर्नियाचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकात त्या वाटांचा माग काढला. मांडीतून निघालेलं लॅक्टेट रक्तातून हृदयाकडे जातं आणि हृदय ते आनंदानं जाळतं. स्नायूतले शेजारचे, संथपणे काम करणारे तंतू ते घेतात. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. गड्ड्याच्या एका दारावर आत न मावलेली माणसं दुसऱ्या दारानं आत गेली म्हण. तो कचरा नव्हे, अर्धवट वापरलेलं इंधन आहे.

६०० मीटरच्या पुढं जी आग होते ती खरी आहे, तिला मी खोटी म्हणत नाही. झपाट्यानं ऊर्जा काढताना हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट साठतात, त्यानं स्नायूची पकड ढिली पडते. पण पळून झाल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दहा मिनिटं हळू चाललीस तर बसून राहण्यापेक्षा लवकर. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचा दोष लॅक्टेटवर टाकता येत नाही. ते दुखणं स्नायूतल्या बारीक इजेचं, विशेषतः उतारावर पळल्यावर किंवा खूप बैठका मारल्यावर येणारं. आणि नडगीचं तर आणखी वेगळं. रोज डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी जोरात पळल्यानं ती दुखते. मातीवर किंवा गवतावर पळ, बूट बघ. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं थांबवून हाडाच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर गेली असेल तर 'अजून पळ' हा सल्ला तुझी भरती घालवेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. तू रोज जीव तोडून पळतेस, हीच तुझी चूक आहे.

तुझ्या चाचणीचे तीन भाग आहेत: ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. तिन्हींची ऊर्जा वेगवेगळी. ४ किलोचा गोळा हातातून सुटायला दोनएक सेकंदही लागत नाहीत. तेवढं काम स्नायूत तयार असलेल्या एटीपीवर आणि ते झटपट भरून देणाऱ्या क्रिएटिन फॉस्फेटवर होतं, लॅक्टेटचा प्रश्नच येत नाही. हा साठा जोर लावल्यावर आठ-दहा सेकंद पुरतो, म्हणून १०० मीटरचा मोठा भागही त्यावरच निघतो, पुढं झपाट्याची चूल हात देते. ८०० मीटर मात्र सगळे ॲनेरोबिक समजतात, आणि तिथंच फसतात. तीन मिनिटांच्या या धावेत ६० ते ७० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेनं येते. वीसपैकी गुण मिळवायचे तर दार रुंद करावं लागेल, आणि ते रुंद होतं सावकाश, जास्त वेळ पळण्यानं. त्यानं स्नायूतल्या तंतुकणिका वाढतात, बारीक केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. याला आठवडे लागतात, आणि रोज दमून गेलेल्या शरीराला हे करायला सवडच मिळत नाही. तुझं रोजचं पळणं मधल्यामधे अडकलंय. दार रुंद व्हायला ते फार जोरात आहे आणि वेग वाढायला पुरेसं जोरात नाही.

सावकाश म्हणजे किती? वारकऱ्यांकडे बघ. आषाढीला माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून, माळशिरस-वेळापूरकडून पंढरीला जाते. साठीतली माणसं दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात आणि चालता चालता अभंग म्हणतात, मृदंगावर नाचतात. गाता येतंय म्हणजे दाराशी गर्दी नाही. वेळापूरच्या आधी धावा होतो, सगळे पळत सुटतात, तेव्हा बघ, तोंडातला अभंग तुटतो आणि नुसता 'माउली, माउली' उरतो. ही सगळ्यात सोपी परीक्षा. पळताना शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. तुला किलोमीटरला सात-आठ मिनिटं लागली तरी चालतील. ग्राउंडवरच्या बाकीच्या मुली पुढं जातील, जाऊ देत.

आठवड्यातले चार दिवस असं २५ मिनिटांपासून सुरू करून हळूहळू ४० मिनिटांपर्यंत पळ. एक दिवस २०० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक ४८ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. आणखी एक दिवस पूर्ण जोरात ५०-६० मीटर, पाच-सहा वेळा, मधे तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, आणि त्याच दिवशी गोळा. इथं विश्रांती कमी करू नकोस. क्रिएटिन फॉस्फेट भरून यायला तेवढा वेळ लागतोच, नाहीतर वेगाचा सराव करतेय असं वाटतं आणि दमायचाच सराव होतो. जोराचे दोन दिवस लागोपाठ नकोत. एक दिवस काहीच नाही. हिमोग्लोबिन कमी आलं तर जोराचे दोन्ही दिवस सध्या बंद, डॉक्टर म्हणतील तेव्हा चालू.

आणि पहिला राऊंड. तुझा आकडाच सगळं सांगतोय, ९० आणि ११५. मी मैदानाच्या कडेला उभी राहून हे शेकडो वेळा बघितलंय. शिट्टी वाजते, सगळ्या सुटतात. पहिल्या वळणावर चेहरा हसरा असतो. दुसऱ्या राऊंडच्या मागच्या सरळीवर खांदे वर चढून कानाला टेकायला येतात, मुठी आवळल्या जातात, गुडघे उचलत नाहीत आणि पावलाचा आवाजच बदलतो, टप्‌ टप्‌ चं थप्‌ थप्‌ होतं. शेवटचे दीडशे मीटर मुलगी पळत नसते, पाय ओढत असते. पहिला राऊंड ९८ ते १०० सेकंदांत धर. सुरुवातीला फारच सोपं वाटेल, मैत्रिणी पंधरा-वीस मीटर पुढं दिसतील. दोन्ही राऊंड १०० चे झाले तर ३ मिनिटं २० होतात. हे पाच सेकंद ताकद न वाढवता, फक्त गर्दी उशिरा करून मिळतात. २०० मीटर ४८ सेकंदांचा सराव बसला की पुढचं लक्ष्य ३ मिनिटं १२.

'अजून पळ' मीही म्हटलंय. नोकरीच्या सुरुवातीला, एप्रिल महिन्यात, सकाळी दहाच्या उन्हात मी मुलींना एकामागून एक राऊंड मारायला लावले. एक मुलगी भोवळ येऊन पडली. तिचं अंग तापलं होतं आणि घाम थांबला होता. सावलीत नेऊन पाणी ओतलं, ती वाचली. त्या दिवशी माझी मान खाली गेली, ती आठवण अजून जात नाही. सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो. उन्हात शरीर रक्ताचा बराच भाग कातडीकडे, अंग गार ठेवायला पाठवतं, स्नायूला तेवढं कमी मिळतं, मग त्याच वेगाला दाराशी लवकर गर्दी होते. फेब्रुवारी संपला की उजाडायच्या आत पळ, आणि उन्हाळा सुरू होताना पहिले दहा-बारा दिवस वेग कमी ठेव, अंगाला सवय होऊ दे. मीठ-साखर-लिंबाचं पाणी बरोबर असू दे.

भावाला सांग, वजनं उचलायला माझी ना नाही. गोळ्यासाठी आणि नडगीसाठीही तुला ताकद हवीच, आठवड्यातून दोनदा बैठका, पोटऱ्यांचे आणि खांद्याचे व्यायाम कर. पण श्वास रोखायचा नाही. वजन वर नेताना श्वास सोडायचा. त्याचा गैरसमज कुठून येतो तेही कळतं. स्नायू जोरात आवळून धरला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, आणि तो तेवढ्यापुरता खरंच ऑक्सिजनवाचून काम करतो. गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदीचा पोशाख घालून उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या मांड्या आणि कंबर असंच काम करतात, म्हणून आधी कित्येक दिवस सराव करावा लागतो. पण ते स्नायूत घडतं, नाक-तोंड बंद करून नव्हे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. भावाचं वय आहे तोवर निभावेल, आईला मात्र हे कधीच करू देऊ नकोस.

आईला दोन्ही हवं. ती मांडी घालून तासन्‌तास सुपात विड्या वळते, म्हणजे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, मांड्या आणि नितंब, दिवसभर गप्प. चालता स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरचं १०-१५ मिनिटांचं चालणं तिला औषधाच्या जोडीनं उपयोगी पडेल. सकाळी तळ्याच्या काठानं चालता आलं तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ताकदीसाठी जिम लागत नाही. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा, थांबून आणखी दहा. भिंतीला हात लावून जोर. दर तासाला सूप बाजूला ठेवून पाच मिनिटं घरातल्या घरात फिरायचं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम उतरू शकते. दोन साखरेचे खडे पदराला बांधू दे. रोज रात्री तिचे तळपाय बघ, भेग, फोड, जखम काही आहे का. अनवाणी चालू देऊ नकोस.

सरांना हे पत्र दाखवायला हरकत नाही. ते पहाटे पाचला ग्राउंडवर येतात, म्हणजे त्यांना तुमची काळजी आहेच. सहा आठवडे असं करून बघ. मग ८०० मीटर एकदाच मोज, दोन्ही राऊंडचा वेळ वेगवेगळा लिहून ठेव आणि मला कळव. हिमोग्लोबिनचा आकडा मात्र रिपोर्ट मिळेल त्याच दिवशी कळव.